डे पॅक आणि स्लीपिंग बॅगची पिशवी एकच असेल, तर ती घरी कशी तपासायची

प्रश्न थोडक्यात असा: "मी कांजूरमार्गला राहते. ऑक्टोबरच्या शेवटी खिरेश्वरमार्गे हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम आहे. २० लिटरची अगदी हलकी डे पॅक (दिवसभराच्या फेरीची छोटी सॅक) घेतलीय, लेबलवर वजन ७० ग्रॅम लिहिलंय. दुकानदार म्हणाला, स्लीपिंग बॅग हिच्यातच कोंबून मोठ्या सॅकमध्ये ठेवा, गडावर पोचल्यावर रिकामी करा आणि हीच पाठीला लावून कोकणकड्यावर जा. परत करायला पंधरा दिवस आहेत. ही दोन्ही कामं ती खरंच करेल का, हे घरी कसं बघू?"

वापरायच्या आधी तपासावीशी वाटली, हे फार चांगलं केलंत. मी मुलुंडला राहते. वीसेक वर्षं सह्याद्रीत फिरतेय, आणि त्यातली निम्मी वर्षं ग्रुपमधल्या मंडळींच्या उसवलेल्या सॅक घरच्या शिलाई मशीनवर दुरुस्त करतेय. या कागदासारख्या पातळ पिशव्या माझ्या हाताखालून बऱ्याच गेल्या आहेत. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सवडीनं वाचा.

दुकानदार म्हणाला ते खोटं नाही. साधी २० लिटरची डे पॅक चारशे-पाचशे ग्रॅमची असते, आणि स्लीपिंग बॅगबरोबर येणारी पट्ट्यांची आवळायची पिशवी शंभर ग्रॅमच्या आसपास भरते. दोन्ही घरी ठेवून ७० ग्रॅमची एकच न्यायची, हा हिशोब पक्का आहे. (स्वतःच्याच खिशात घडी होऊन बसणाऱ्या पॅकही मिळतात. ती सोय वेगळी. आपण बोलतोय ते स्लीपिंग बॅग भरायच्या पिशवीबद्दल.)

पण एक गोष्ट आधी सांगते, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. अशी पिशवी डे पॅक म्हणून तपासली तर बहुधा पास होते. स्लीपिंग बॅगची पिशवी म्हणून तपासली तरी पास होते. ती दगा देते एका कामावरून दुसऱ्या कामावर जाताना, आणि ते कुणी तपासत नाही.

मीही तपासलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या अखेरीला आम्ही याच गडावर होतो. दुपारी गणेश गुहेत पोचलो, स्लीपिंग बॅग काढून कॅरीमॅटवर पसरली, पिशवीत पाणी, हेडटॉर्च, खाऊ, स्वेटर टाकला आणि कोकणकड्यावर गेलो. कड्यावर धुकं होतं, येताना भुरभुर लागली. पिशवी फाटली नाही, उसवली नाही, आतला स्वेटरही जवळजवळ कोरडा राहिला. खुश होऊन मी ती गुहेच्या भिंतीला टांगली. सकाळी हात लावला तर तशीच ओली. कापडावर पाण्याचे मणी, खांद्याचे बंद चिंब, पाठीकडची जाळी पिळली तर थेंब पडावेत अशी. नऊला उतरायचं होतं. रात्रभर जपलेली कोरडी स्लीपिंग बॅग मी त्या ओल्या पिशवीत कोंबली, ती मोठ्या सॅकमध्ये टाकली आणि टोलार खिंडीतून खाली आले. खुबी फाट्यावरून एसटीनं कल्याण, तिथून लोकलनं मुलुंड. पोचायला रात्र झाली, दुसऱ्या दिवशी ऑफिस. सॅक उघडली ती मंगळवारी. स्लीपिंग बॅगच्या पायाकडचा भाग दमट झाला होता आणि त्याला पावसाळ्यात न वाळलेल्या चादरीचा वास मारत होता. धुऊन, पंख्याखाली दोन दिवस ठेवून तो वास गेला.

पिशवी वाईट नव्हती. मी जे जे तपासलं होतं, त्या सगळ्यात ती उतरली होती. ओल्या संध्याकाळीनंतर कोरडी वस्तू तिच्यात भरावी लागेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. म्हणून खाली जे सांगतेय त्यात सुरुवातीच्या चाचण्या भरभर उरका आणि शेवटच्या ओल्या चाचणीला वेळ द्या. क्रम मात्र बदलू नका. पिशवी परत करायची वेळ आली तर ती कोरडी, स्वच्छ आणि लेबलसकट हवी. पाण्याचं काम शेवटी.

पहिल्यांदा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. तो खरा दाखवतो का, हे बघायला वाटी ठेवून काटा शून्यावर आणा आणि औषधाच्या मापानं मोजून १०० मिली पाणी ओता, १०० ग्रॅम दिसलं पाहिजे. मग पिशवी तोला. लेबलवर ७० असेल आणि काट्यावर ७८ भरली तर नाराज होऊ नका, कापडाच्या प्रत्येक ठाणात थोडा फरक असतोच. शंभरावर गेली तर मात्र लेबलवरच्या बाकीच्या दाव्यांकडेही जरा संशयानं बघा.

आता कापड. लेबलवर ३० डी, २० डी असं काहीतरी असेल. डी म्हणजे डेनियर, ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. सीएसएमटी ते दादर हे अंतर साधारण ९ किलोमीटर आहे. एवढ्या लांबीचा एक धागा ताणला आणि त्याचं वजन फक्त ३० ग्रॅम भरलं, तर ते ३० डेनियर. शाळेच्या दप्तराचं कापड साधारण ६०० डेनियरचं असतं, त्यावरून तुमच्या हातातली वस्तू किती नाजूक आहे ते लक्षात येईल. कापडावर बारीक चौकटी दिसत असतील. ठरावीक अंतरावर घातलेला जाड धागा आहे तो, फाट पुढे पळू नये म्हणून. तो फाट थांबवतो, टोचणं थांबवत नाही.

कापडाला आतून लेप कशाचा आहे, हेही कळायला हवं. आतल्या बाजूला एका कोपऱ्यात सेलोटेपचा तुकडा हलकेच दाबून बघा. चिकटला तर बहुधा पॉलियुरेथेनचा म्हणजे पीयूचा लेप. चिकटायलाच तयार नसेल, आणि कापड बोटांना सुळसुळीत लागत असेल, तर सिलिकॉन. मुंबईत हा फरक फार महत्त्वाचा. पीयूचा लेप दमट हवेत वर्षानुवर्षं हळूहळू विघटित होतो, चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि शेवटी त्याची पापडी सुटते. जून ते सप्टेंबर आपली कपाटं कशी असतात ते सांगायला नको. पीयूवाली पिशवी घडी करून कपाटात कधीच ठेवायची नाही, हँगरला टांगायची. सिलिकॉनला हा रोग नाही, पण त्याच्या शिवणींवर टेप चिकटत नाही, त्यामुळे सिलिकॉनच्या पिशवीची शिवण कारखान्यातून सहसा उघडीच येते.

शिवणीकडे वळू, कारण दुरुस्तीला माझ्याकडे येणाऱ्या पिशव्यांत कापड फाटलेलं क्वचित असतं, शिवणच गेलेली असते. पिशवी उलटी करा. कापडाची कापलेली कड उघडी आहे की दुमडून किंवा पट्टी लावून आत घेतलीय? उघडी असेल तर टाक्यापासून कडेपर्यंत किती कापड सोडलंय ते बघा. अर्ध्या सेंटिमीटरहून कमी असेल, तर मी ती पिशवी घेणार नाही. हे कापड इतकं गुळगुळीत असतं की ताण आल्यावर धागे तुटत नाहीत, सरकतात, आणि सरकत सरकत कडेतून निसटतात. टाका शाबूत राहतो आणि कापड त्यातून बाहेर येतं.

हे उघड्या डोळ्यांना दिसतं, फक्त उजेड मागून हवा. ट्यूबलाइटसमोर पिशवी धरा, शिवणीच्या दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत पकडा आणि हलकेच ओढा. सुईची भोकं बारीक गोल टिंबांसारखी दिसली तर ठीक. ती लांबून उभ्या फटींसारखी झाली, सोडल्यावरही तशीच राहिली, तर तिथलं कापड सरकायला लागलंय. खांद्याचे बंद वर आणि खाली जिथे शिवलेत त्या चार जागा, टांगायचा लूप, आणि तळाचे दोन कोपरे, एवढ्या ठिकाणी हे बघाच. त्या चार जागी आडवे दाट टाके मारलेले असावेत आणि मागे जाड कापडाचा तुकडा जोडलेला असावा. नुसती एकेरी सरळ शिलाई असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, पिशवी परत करा.

लिटर खरे आहेत का, हे मोजायची एक सोपी रीत आहे. कंपन्यांसाठी जी प्रमाण पद्धत आहे तिच्यात २० मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे भरून मोजतात. आपल्याकडे कुरमुरे आहेत. तांदूळ भरू नका, २० लिटर तांदळाचं वजन सोळा-सतरा किलो होईल आणि पिशवीचा निकाल तिथेच लागेल. कुरमुरे हलके, कोरडे, डाग न पाडणारे. खारे मात्र नकोत, साधे घ्या. पिशवीत जुनी स्वच्छ उशीची खोळ घाला, म्हणजे आत भुगा राहणार नाही, आणि लिटरच्या मापानं मोजत भरा. दर तीन-चार मापांनंतर पिशवी जमिनीवर हलकेच आपटून कुरमुरे बसू द्या. तोंडाची नाडी ओढून नीट बंद होईल इथवरच भरायचं. माझ्याकडे आलेल्या एका "वीस लिटर" पिशवीत सतरा मापं मावली, कारण कंपनीनं तोंडाची वरची झालरही मोजली होती. ती झालर बंद करण्यातच जाते, तिच्यात सामान बसत नाही. तपासून झाल्यावर त्या कुरमुऱ्यांची भेळ आख्ख्या मजल्याला पुरते.

स्लीपिंग बॅगचं माप वेगळं काढा. ती तिच्या मूळच्या आवळपिशवीत असताना व्यास आणि उंची मोजा. २२ सेंटिमीटर व्यास आणि ३८ उंची असेल तर साधारण साडेचौदा लिटर होतात. एवढी बॅग २० लिटरच्या पिशवीत सैलसर बसेल, आणि सैल असणंच बरं. दगडासारखा आवळलेला गोळा मोठ्या सॅकमध्ये आजूबाजूला पोकळ्या सोडतो. सैल भरलेली पिशवी तळाशी पसरते, कोपरे भरते. दोन्ही मापं जेमतेम सारखी आली, तर रोज पहाटे तुम्ही तळाच्या शिवणीवर मुठी मारत बसाल.

आता प्रत्यक्ष भरून बघा, दहा वेळा. गुंडाळून नाही, पायाकडून मुठीमुठीनं कोंबत. अंगठ्या काढून ठेवा, नखं कापलेली असू द्यात. एकदा तरी दिवे घालवून, फक्त हेडटॉर्चच्या उजेडात भरा, कारण गुहेत पहाटे पाच वाजता तसंच करायचंय. खांद्याचे बंद तेव्हा कुठे जातात? बाहेर लोंबत राहिले तर मोठ्या सॅकमध्ये घालताना ते स्टोव्हला, दोरीला, चेनला अडकतात. पिशवी उलटी करून भरली तर बंद आत जातात आणि बाहेर सगळं गुळगुळीत राहतं, पण मग बंदांची बकलं स्लीपिंग बॅगच्या नाजूक कापडाला घासतात. मला स्वतःला उलटी करून भरणं पटत नाही. बंद बाहेर ठेवून एकमेकांत सैल गाठ मारणं बरं.

तोंड कसं आहे, यावर मी बरीच आग्रही आहे. दोन कामांच्या पिशवीला नाडीचं किंवा गुंडाळून बंद करायचं तोंड हवं, लांबलचक चेन नको. डे पॅक म्हणून चेन सोयीची वाटते. पण कोंबलेली स्लीपिंग बॅग सतत बाहेर ढकलत असते, आणि तो सगळा दाब चेनच्या दातांवर येतो. दात सुटायला लागले की रनर बदलून थोडे दिवस निभावतं, पण इतक्या पातळ कापडाला नवी चेन लावणं म्हणजे जुन्या भोकांशेजारी नवी भोकं पाडणं. शिवाय समुद्राकाठच्या हवेत रनर गंजतो. तुमच्या पिशवीला चेन असेल तर दहा वेळा भरून झाल्यावर ट्यूबलाइटसमोर तीच तपासा.

मग वजन. दोन लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे चार किलो, त्या टॉवेलात गुंडाळून भरा. कड्यावर जाताना एवढं वजन होणार नाही, लिटरभर पाणी, जॅकेट, खाऊ, औषधं, टॉर्च मिळून अडीच-तीन किलो होईल. पण एखाद्या दिवशी मैत्रिणीचंही पाणी तुमच्याकडे येतं, तेव्हा चार धरून चला. पाठीला टेकणाऱ्या बाजूला फोमचं आसन उभं घाला. या पिशव्यांना पाठीचा आधार काहीच नसतो, ते आसनच तिचा कणा. ते नसेल तर बाटलीचं बूड थेट मणक्यावर येतं.

बंदांवर, बकलाच्या अगदी लगत, बॉलपेननं बारीक रेघ मारा (इथून पुढे परतीची वाट अवघड होते, म्हणून आधीच्या चाचण्यांत पिशवी उतरली असेल तरच). आता बिल्डिंगचे सात-आठ मजले चार वेळा चढा-उतरा. रेघ बकलापासून सरकली का? पातळ, अरुंद, सुळसुळीत पट्टी प्लॅस्टिकच्या छोट्या बकलात हळूहळू निसटते. वर पोचेपर्यंत दोन बोटं सरकली असेल, तर गडावर दर पंधरा मिनिटांनी तुम्ही बंद ओढत राहाल. दुसरं, खांद्यावरचा बंद सपाट राहतो की वळून त्याची दोरी होते, हे आरशात बघा. दोरी होत असेल तर त्या जागी खांदा लाल झालेला असेल. शेवटी पिशवी टांगायच्या लुपानं उचला आणि वीतभर उंचीवरून झटका देऊन थांबवा, पाच-सहा वेळा. सॅक खाली ठेवताना, लोकलच्या रॅकवरून ओढून काढताना असेच झटके बसतात. नंतर पुन्हा ट्यूबलाइट आणि तेच कोपरे.

आता पाणी. पिशवी बाथरूममध्ये टांगा आणि आत १५ सेंटिमीटर उंचीपर्यंत पाणी ओता. कापडांचा जलरोधकपणा पाण्याच्या स्तंभाच्या उंचीवर मोजतात, १,२०० मिलिमीटर वगैरे आकडे तुम्ही वाचले असतील. तुमचं हे पाणी फक्त १५० मिलिमीटरचं आहे. एवढ्यात कापडाच्या मधूनच घाम फुटल्यासारखे थेंब आले तर लेप कच्चा आहे. थेंब शिवणीवर आले तर आश्चर्य नाही, तिथे भोकंच आहेत. कुठल्या शिवणीवर किती, ते बघून ठेवा. सिलिकॉनचं कापड असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, लहान ब्रशनं आतून शिवणीवर लावता येतं. खिडक्या उघड्या ठेवून लावा आणि दिवसभर सुकू द्या. पीयूवर ते नीट धरत नाही, त्याला पीयूचंच सीलंट लागतं.

शिवणी कितीही सील केल्या तरी वर नाडीचं तोंड आहे. सह्याद्रीतला पाऊस वरून पडतो, वाऱ्यानं आडवा येतो आणि कड्यावर खालूनही येतो. ही पिशवी पाणी अडवेल या भरवशावर राहू नका. तिचं काम सामान वाहायचं, एवढंच धरा.

आता ती चाचणी, जिच्यासाठी इतकं लिहिलं. पिशवी बादलीत बुडवा, बंदांसकट, पाच मिनिटं. बाहेर काढून वीस वेळा जोरात झटका आणि तोला. मग घरातल्या सगळ्यात कोंदट जागी टांगा. पंखा नाही, ऊन नाही. गुहेत यातलं काही नसतं. तासानं तोला, तीन तासांनी तोला, सकाळी उठल्यावर तोला. मी हे जुलैमध्ये केलं तेव्हा माझी ८३ ग्रॅमची पिशवी झटकल्यावर १३९ भरली, तासानं ११८ आणि सकाळी ९६. म्हणजे रात्र उलटल्यावरही १३ ग्रॅम पाणी तिच्यात होतं.

ते पाणी होतं कुठे? कापडात फारसं नाही. नायलॉन हवेतली ओल स्वतःच्या वजनाच्या चारेक टक्के धरतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. एवढ्याशा कापडात हा फरक दोन-तीन ग्रॅमचा. (नायलॉन ओला झाला की थोडा ताणतो, हे मात्र खरं. म्हणून ती पेनाची रेघ पिशवी ओली असताना पुन्हा एकदा तपासा.) पाणी होतं बंदांच्या आतल्या जाळीत, पाठीच्या जाळीत आणि तळाच्या दुमडलेल्या शिवणीत. मी कात्रीनं बंदांची जाळी उसवून काढून टाकली, चार किलोपर्यंत खांद्याला फरक जाणवला नाही. तुमच्या पिशवीला पाठीला जाळी किंवा फोम असेल तर तो दिसायला छान, पण या कामाला वाईट. दोन कामांच्या पिशवीत जितकं कमी शिवलेलं असेल तितकं बरं.

पण कितीही केलं तरी ओल्या संध्याकाळीनंतर सकाळी ती थोडी ओली असणारच. तेव्हा मार्ग एकच: स्लीपिंग बॅग आणि पिशवी यांच्यामध्ये तिसरी वस्तू हवी. पॅकिंग सामानाच्या दुकानात जाड पॉलिथिनची मोठी पिशवी मिळते, ती अस्तरासारखी वापरायची. स्लीपिंग बॅग आधी अस्तरात, मग ते अस्तर पिशवीत. गडावर पोचलात की अस्तरासकट बाहेर काढा, तोंडाला पीळ देऊन बांधा आणि गुहेत उंचावर ठेवा, पिशवी रिकामी घेऊन कड्यावर जा. ओली होऊन आली तरी चालेल, भिंतीला टांगा. सकाळी कोरडी स्लीपिंग बॅग कोरड्या अस्तरात, आणि अस्तर ओल्या पिशवीत. दिवसभर स्लीपिंग बॅग गुहेत उघडी पडते, धूळ आणि छताचं टिपकणारं पाणी खाते, तोही प्रश्न यातच सुटतो. दुकानातल्या पातळ हातपिशव्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, आणि त्या या कामाला टिकतही नाहीत. जाड घ्या, ट्रेकनंतर धुऊन वाळवा, वर्षानुवर्षं वापरा. गडावर टाकून येऊ नका.

अस्तराचं वजन हिशोबात धरा, माझं ५० ग्रॅम आहे. तरीही डे पॅक आणि आवळपिशवी वेगळ्या नेण्यापेक्षा तुमचे तीन-चारशे ग्रॅम वाचतात. आणि भरायचा सराव अस्तरासकट पुन्हा करा, कारण अस्तरात हवा अडकते. तोंड बांधायच्या आधी त्यावर छाती टेकून हवा बाहेर काढावी लागते, नाहीतर २० लिटरच्या पिशवीत ते जाणारच नाही. पंधरा लिटरची स्लीपिंग बॅग असेल तर जागा पुरेल, सतरा-अठराची असेल तर मला शंका आहे.

कुठे वापरू नये, हेही सांगते. तुमच्या बेतात टोलार खिंडीची चढण, रेलिंगचा कातळ आणि करवंदीच्या जाळ्या या सगळ्यातून ही पिशवी मोठ्या सॅकच्या पोटात जाणार आहे. पाठीवर ती फक्त पठारावर येईल. म्हणून इतकं पातळ कापड इथे चालतं. हीच एकटी पाठीला लावून शिडी घाटानं भीमाशंकर करायचा विचार असेल तर नको. आपला काळा पाषाण खरखरीत आहे, कातळाला पाठ घासत उतरलात की तळ विरतो. रोजच्या लोकलला तर मुळीच नको, गर्दीत दुसऱ्याच्या बॅगेच्या चेनला अडकून ओढली गेली की संपलं.

गुहेत रात्री तिच्यात खाण्याचं काही ठेवू नका, बिस्किटाचा चुरासुद्धा. गुहांमधले उंदीर जाड सॅक कुरतडतात, या कापडाची त्यांच्यापुढे काय कथा. रिकामी करा, उलटी करून झटका, मग टांगा. दिवसा माकडांच्या नजरेपासून दूर.

घरी आल्यावर, कितीही दमला असलात तरी, त्याच रात्री तीन वस्तू सॅकमधून बाहेर काढायच्या: स्लीपिंग बॅग, अस्तर आणि पिशवी. स्लीपिंग बॅग पसरून ठेवा आणि पुढच्या ट्रेकपर्यंत मोठ्या सुती खोळीत सैल ठेवा, आवळून कधीच नाही, तिच्यातल्या भरावाचा फुगवटा मरतो.

तुमच्या पंधरा दिवसांतला निर्णय मी असा घेईन. बंदांच्या चार जागा आणि तळाचे कोपरे ट्यूबलाइटसमोर भरल्यावरही नीट दिसले, आणि अस्तरासकट स्लीपिंग बॅग न झगडता मावली, तर ठेवा. लेबलपेक्षा आठ-दहा ग्रॅम जास्त, शिवणीतून थेंब, सतरा लिटरच निघणं, यातलं कशाहीसाठी परत करू नका. कापड सरकताना दिसलं तर मात्र दुकानदार काहीही म्हणो, परत करा. ठेवलीत तर बंदांवरची ती पेनाची रेघ पुसू नका. खिरेश्वरला उतरलात की ती बकलापासून किती लांब गेलीय ते बघा, दोन दिवसांनंतरचा तो आकडा जिन्यावरच्या आकड्यापेक्षा खरा असेल.